धन्याला दिलेला तलाक

आमच्या म्हाताऱ्याचा आवाज ठाकुरांनी चोरला, असं आता सगळं थरचं वाळवंट सांगत सुटलंय. झूट आहे ते. चोरलं-बिरलं कुणी काही नाही. त्यानं तो मांडी घालून, दाढी कुरवाळून, वर दुधाचा चहा करायला लावून स्वतः दिला. मी समोर बसले होते ना!

म्हातारा म्हणजे माझा नवरा, निहाल मंगणहार. मी सभागी. आम्ही मंगणहार, गाणारी जात, मुसलमान; आमचे धनी सोढा राजपूत, हिंदू. आज्याच्या आज्यापासून हे असंच आहे आणि त्यात आम्हाला कधी काही वावगं वाटलं नाही. त्यांच्या घरी बाळ जन्मलं की आम्ही गायचं, लग्न निघालं की आम्ही गायचं, आणि पिकलं पान गळालं की तिरडी उचलतानाही आम्हीच गायचं. गायचं म्हणजे नुसती गाणी नव्हेत. घराण्याच्या पिढ्या म्हणायच्या, पहिल्या पुरुषापासून थेट पाळण्यातल्या पोरापर्यंत, कमायचा ह्या गजानं वाजवायच्या वाद्याच्या साथीवर, एकही नाव न चुकवता. शेवटी दुवा द्यायची. हे कागदावर कुठे नाही. म्हाताऱ्याच्या पोटात आहे. त्याच्या आधी त्याच्या बापाच्या पोटात होतं.

आणि त्याची एक रीत आहे. पिढ्या पुऱ्या म्हणायच्या त्या फक्त धन्याच्या अंगणात, प्रसंगाला. एरवी कुणी म्हणून दाखव म्हटलं, रेडिओवाला असो की शहरातला साहेब, तर मधली एखादी पिढी हळूच गिळून टाकायची. ऐकणाऱ्याला कळत नाही, आपल्याला कळतं. पुरं घर कुणाच्या हातात द्यायचं नाही. माझ्या सासऱ्यानं हे पोराला कमायच्याच्या गजानं फटके देऊन शिकवलं होतं. तो गज अजून आमच्या चौंऱ्यात, गवती झोपडीत, खुंटीला आहे, पण शिकवण कुठे गेली कोण जाणे.

झालं काय, की ठाकूर महिपालसिंगाच्या लेकीचं, पदमाचं लग्न ठरलं. सोढ्यांची लेक सोढ्यांत द्यायची नाही, म्हणून सोयरीक सरहद्दीपलीकडची, जोधपूरकडची. इस्लामाबादला चकरा मारून मारून ठाकुरांच्या घरच्यांना व्हिसे मिळाले. मंगणहाराला कोण देतो व्हिसा?

महिपालसिंग स्वतः आमच्या वस्तीवर आला. मोठी गाडी वाळूच्या टेकडीपलीकडे ठेवली आणि चालत आला. एवढा मोठा माणूस, पण आमच्या खाटेवर बसला. पोरगा वाईट नाही हो तो, तेच तर दुखणं आहे. मी त्याला कडेवर खेळवलाय.

"निहालकाका, फार खटपट केली," तो म्हणाला, "पण तुमचा व्हिसा काही होत नाही."

म्हाताऱ्याचं तोंड एवढंसं झालं. "धनी, मग पदमाच्या पिढ्या कोण म्हणणार? तिकडे मंगणहार आहेत, पण त्यांना आपल्या घरचं काय ठाऊक?"

"म्हणून तर आलोय. फोनमध्ये म्हणा. मी मांडवात मोठ्या स्पीकरवर लावतो. तुम्ही तिथेच बसलायत असं वाटेल सगळ्यांना."

मी ओढणी पुढे ओढली आणि म्हाताऱ्याच्या कानाशी लागले. "साजनच्या बापा, एखादी पिढी गिळा हो."

"पदमाच्या लग्नात पिढी गिळू?" तो माझ्यावर खेकसला. "अक्कल गहाण ठेवलीयस का? गप बस आणि चहा कर."

मी चहा केला. त्यानं कमायचा मांडीवर घेतला, बकरीच्या आतड्याच्या तारा अंगठ्यानं चाचपल्या, खुंट्या पिळल्या, आणि सुरू झाला. काय सांगू तुम्हाला! मी ह्या माणसाबरोबर उभा जन्म काढला, त्याचं घोरणं ऐकलं, खोकणं ऐकलं, शिव्या ऐकल्या, पण असा आवाज मी त्याचा ऐकला नव्हता. त्या दिवशी त्याचा दम तुटला नाही. एकेक पुरुष नाव घेतल्याबरोबर उठून उभा राहत होता. महिपालसिंगाचा आजा भोजराज, ज्यानं दुष्काळात आमच्या वस्तीला जगवलं, त्याचं नाव त्यानं तीनदा घोळवून घेतलं. शेवटी "बाई पदमा, जुग जुग जी" म्हणताना तोही रडला आणि महिपालही रडला. मी तर केव्हाच रडत होते.

मग महिपालनं फोनवर त्याला त्याचाच आवाज ऐकवला. म्हातारा तोंड उघडं टाकून ऐकत राहिला. "हा मी?" म्हणाला. "सभागी, ऐक, हा मी आहे!" लहान पोरासारखा पुन्हा लाव, पुन्हा लाव करत बसला. चहा निवून गेला.

लग्न झालं. तिकडच्या लोकांनी वाहवा केली असं महिपालनं येऊन सांगितलं. म्हाताऱ्याला नवी शाल दिली. म्हातारा महिनाभर ती शाल अंगावरून काढेना. उन्हाळा होता, तरीही.

पुढे दीडेक वर्षानं महिपालसिंगाच्या सुनेला मुलगा झाला. बातमी आली तशी आमच्याकडे धांदल उडाली. बाळाला ज्या दिवशी घराण्याचं नाव देतात त्या दिवशी सकाळी ठाकुरांचा न्हावी आमच्याकडे गूळ घेऊन येतो. गूळ तोंडात घालायचा आणि निघायचं, ही रीत. म्हाताऱ्यानं दाढी कोरली, साफा धुऊन वाळवला, गजाला राळ लावली आणि दारात खाट टाकून बसला. टेकडीवरून कुणी येतंय का ते बघत. ऊन चढलं. मी म्हटलं, भाकरी खाऊन घ्या. तो म्हणाला, गुळाच्या आधी कसा खाऊ?

आणि मग टेकडीपलीकडून आवाज आला. ठाकुरांच्या वाड्याच्या बाजूनं. स्पीकरवर. पहिल्या पुरुषाचं नाव, दुसऱ्याचं, तिसऱ्याचं.

वस्तीतले सगळे चौंऱ्यांबाहेर आले. बचल पण आला. बचल म्हणजे आमचाच भाऊबंद, पेटी वाजवतो, गळा बेताचा पण जीभ लांब. त्यानं टेकडीकडे बघितलं, मग खाटेवरच्या म्हाताऱ्याकडे बघितलं.

"अरे निहाल, तू तर इथं बसलायस! मग तिकडे कोण गातंय, तुझं भूत?"

पोरंसोरं हसली. बायका पण हसल्या. म्हातारा हसला नाही. तो ऐकत होता. सगळ्या पिढ्या झाल्या आणि शेवटी दुवा आली, त्याच्याच आवाजात, घोळवून घोळवून: "भोजराज, जुग जुग जी."

म्हातारा ताडकन उठला. "हे मी कधी म्हणालो? सभागी, मी हे म्हटलंच नाही! मी पदमाला म्हटलं होतं!"

तो तसाच निघाला, कमायचा काखेत मारून. मी मागून धावले. गूळ आला नसताना जायचं नाही, हे त्याला मी सांगायला हवं का? पण माणूस अंगात आल्यासारखा चालत होता.

वाड्यात मांडव होता. मिठी गावचे, कराचीचे पाहुणे खुर्च्यांवर बसले होते. महिपालसिंग लगबगीनं पुढे आला. "काका! या या. काकी, तुम्ही पण या. ताट वाढा रे दोघांना."

"गूळ नाही आला, धनी," म्हातारा म्हणाला.

"अहो, ह्या उन्हात तुम्हाला कशाला त्रास?" महिपालनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "गेल्या होळीला तुम्हाला ठसका लागला, नाव मध्येच राहिलं, पाहुणे हसले. मला इतकं वाईट वाटलं, काका! ह्यात बघा, कसे खणखणीत आहात. म्हटलं, काकांची इज्जत राहू दे."

"माझी इज्जत राखायला मला घरी बसवलंत?"

"तसं नाही हो."

"आणि ही दुवा? मी ह्या बाळाचं तोंड नाही पाहिलं. मी त्याला दुवा कधी दिली?"

महिपालला त्यात कौतुकच वाटत होतं. "ते मिठीच्या मोबाईलवाल्या पोरानं जोडलं. आजोबांचं नाव तुम्ही पिढ्यांत घेतलंच होतं ना, तेच उचलून शेवटी लावलं. आम्ही बाळाचं नाव भोजराजच ठेवलंय. कळतसुद्धा नाही बघा!"

मरणाऱ्या गावाला ज्यानं जगवलं त्याचं नाव, म्हाताऱ्यानं जीव ओतून घेतलेलं, ते कातरीनं कापून भलतीकडे चिकटवलं आणि वर म्हणतो, कळतसुद्धा नाही!

"पुसून टाका ते," म्हातारा म्हणाला.

"काय?"

"आवाज. माझा आहे, मी परत मागतोय."

"काका, ते आता कुठे कुठे गेलंय! जोधपूरच्या सोयऱ्यांकडे आहे, कराचीत आहे, दुबईला मेव्हण्याकडे आहे. कुणाकुणाचं पुसू? तुम्ही तर मशहूर झालात की हो!"

खुर्च्यांवरचे पाहुणे हसले. वाईट हेतूनं नव्हे, मजेनं. म्हाताऱ्यानं डोक्यावरचा साफा चाचपला आणि म्हणाला, "मग मी हे घर सोडतो, धनी. तलाक."

"तलाक?" महिपालला हसू आवरेना. "काका, तो काकींना द्यायचा असतो."

पण आतल्या पडद्यामागे कुणाच्या तरी हातातलं ताट खाली पडलं. ती माजीसा होती, महिपालची आई. त्या अख्ख्या मांडवात तलाक म्हणजे काय ते तिला एकटीला ठाऊक होतं.

मंगणहारानं धन्याला तलाक दिला की त्या घरी पुन्हा कुणाही मंगणहाराचा आवाज उठत नाही. धनी सोन्याच्या राशी ओतो. जन्म मुका, लग्न मुकं, मरण मुकं. माझ्या सासूच्या वेळी एका घराला दिला होता, त्या घरच्या पोरींना स्थळं येईनात, शेवटी त्या ठाकुरानं अनवाणी येऊन बिरादरीपुढे साफा ठेवला होता.

घरी आल्यावर मी म्हाताऱ्याला फाडून खाल्लं. "सांगितलं होतं ना, पिढी गिळा म्हणून! बापाचे फटके वाया घालवलेत! आता तलाक द्या आणि वाळू खा!" तो खाली मान घालून कमायच्याच्या तारा सोडत बसला. एकेक तार ढिली होताना कुईकुई करत होती. ते बघून माझाच राग कुठल्या कुठे गेला. मी जवळ बसले आणि तारांची दुसरी टोकं धरली.

बिरादरी जमली. सगळ्यांनी कुराणावर हात ठेवला, त्या घरी आवाज उठवणार नाही. सगळ्यांत मोठ्यानं बोलला तो बचल. "निहालची बेइज्जती ती आम्हा सगळ्यांची बेइज्जती! त्या दारात माझा आवाज निघाला तर जीभ झडो!" मला तेव्हाच त्याच्या तोंडावर एक ठेवून द्यावीशी वाटली, पण बाईमाणूस बिरादरीत कसं बोलणार?

मग आम्ही सगळे ठाकुरांच्या फाटकासमोर गेलो. तलाकाच्या रीतीनं पुरुषांनी साफे उलटे बांधले होते. म्हाताऱ्यानं हातानं वाळू उकरली. तारांची गुंडाळी खड्ड्यात ठेवली. आता धन्याचं नाव घेऊन वर वाळू लोटायची आणि पाठ फिरवायची, एवढंच उरलं होतं, तेवढ्यात फाटक उघडलं. माजीसा बाहेर आली. जी बाई लग्न होऊन आली त्या दिवसानंतर पायी फाटकाबाहेर पडली नव्हती, ती काठी टेकत आली आणि त्या खड्ड्याजवळ वाळूत बसली.

"निहाल," ती म्हणाली, "माझं काय?"

म्हातारा मान वर करेना.

"पिढ्यांत बाप्यांची नावं असतात रे. बाईचं नाव एकदाच निघतं, तिरडी उचलताना, ते पण तिच्या बापाच्या नावानं. जैसलमेरच्या भाटी राजपुतांची मी लेक. तुझा बाप माझ्या वरातीत होता, त्यानं माझ्या माहेरच्या पिढ्या ऐकल्या, तुला दिल्या. मध्ये सरहद्द आली. मी माहेर पुन्हा बघितलं नाही. बाप मेला, भाऊ मेले, मला कळलंसुद्धा उशिरा. आता माझ्या माहेरचं नाव ह्या मुलखात फक्त तुझ्या तोंडात आहे. ते पण पुरून टाकतोस?"

म्हाताऱ्याच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं. "माजीसा, तुमच्या मुलाला सांगा. माझा आवाज त्यानं वाजवायचा बंद करावा. एवढंच. मी आत्ता ह्या तारा काढून लावतो आणि तुमच्या पायाशी बसून गातो."

महिपाल फाटकात उभाच होता. त्याच्या कानावर गेलं होतं सगळं. पण मागे पाहुण्यांच्या गाड्या उभ्या होत्या, माणसं बघत होती, आणि त्याला लाज वाटली असावी, आईची आणि आमचीही. "माँ, एवढ्याशा गोष्टीसाठी रस्त्यावर तमाशा?" म्हणून त्यानं तिला दंडाला धरून उठवलं आणि आत नेलं. ती मागे वळून बघत होती.

म्हाताऱ्यानं वाळू लोटली. पुढच्याच महिन्यात महिपालनं तिथे गाड्या उभ्या करायला फरशी घातली. मुद्दाम नव्हे हो. तारा तिथे आहेत हे तो विसरून गेला होता.

त्यानंतर आमचं कसं चाललं ते विचारू नका. साजन, आमचा मुलगा, कोळशाच्या खाणीवर डंपर चालवतो, तो पीठ-मीठ पाठवायचा. म्हातारा बिनतारांचा कमायचा मांडीवर घेऊन बसायचा. मी रागानं म्हणायची, "काय थोपटताय, पोर आहे का ते?" तरी त्याचा हात थांबायचा नाही.

थंडी पडली तसं मला कळलं, की बचलच्या घरी गूळ येतो. मी विहिरीवर त्याला गाठला.

"काय रे बचल, जीभ जागेवर आहे ना? झडली नाही अजून?"

तो ओशाळला, पण क्षणभरच. "भाभी, पाहुण्यांना नुसता डबा बरा वाटत नाही. साफा बांधलेला माणूस पुढे लागतो. मी पेटी घेऊन बसतो, एवढंच."

"आणि गातो?"

"मला कुठे येतात त्या घरच्या पिढ्या? स्पीकर गातो. मी तोंड हलवतो."

"तोबा! आणि कुराणावरचा हात?"

"कसम आवाजाची होती, भाभी," बचल म्हणाला. "माझा आवाज कुठे निघतो?"

मी बादली तिथेच आपटली. घरी येऊन म्हाताऱ्याला सांगितलं. वाटलं, आता तरी उसळेल. तो एवढंच म्हणाला, "तोंड बरोबर हलवतो का? भोजराजवर थांबायचं असतं."

आणि माजीसा गेली. सकाळी वाड्यातून रडण्याचा आवाज आला तसा म्हातारा उठला, साफा बांधायला लागला. सरळ बांधत होता, उलटा नाही.

"कुठे?" मी विचारलं.

"तिनं मागितलं होतं."

"आणि तलाक? बिरादरी सोडेल का?"

"बिरादरीला काय करायचं ते करू दे. भाट्यांचं नाव घेतल्याशिवाय ती कशी जाईल? चल तू."

कमायच्याला तारा नव्हत्या, म्हणून त्यानं तो घेतलाच नाही. नुसता गळा घेऊन निघाला. वाटेत खोकत होता आणि ओठांतल्या ओठांत माजीसाच्या बापाचं, आज्याचं नाव घोकत होता. अडलं की थांबायचा, आठवलं की चालायचा. मला त्याच्यावर इतकी माया कधीच आली नव्हती.

अंगणात तिरडी सजवून ठेवली होती. पणतू पाहिलेली बाई, म्हणून लाल ओढणी, फुलं, सगळं. खांबाला स्पीकर बांधलेला. आणि त्याखाली केशरी साफा घालून बचल, पेटीच्या भात्यावर हात, तोंड उघडतंय, मिटतंय. अंगणात माझ्या नवऱ्याचा खणखणीत आवाज घुमत होता आणि माझा नवरा फाटकात उभा राहून धापा टाकत होता.

महिपालचे डोळे सुजलेले होते. म्हाताऱ्याला बघून तो गळ्यातच पडला. "काका, आलात! माँ शेवटपर्यंत तुमचं विचारत होती."

"धनी, मी म्हणतो," म्हातारा म्हणाला. "माजीसांच्या माहेरचं नाव घ्यायचंय. हे बंद करा."

महिपालनं मागे बघितलं. कुणीतरी उंच धरलेल्या फोनवर जोधपूरची मंडळी बघत होती. पदमा पण असेल त्यात, ओढणीत तोंड घालून रडत. "आत्ता मध्येच कसं तोडू, काका? अपशकुन दिसेल. संपू दे, मग तुम्ही म्हणा."

मग म्हातारा थांबला. स्वतःचाच आवाज संपायची वाट बघत उभा राहिला. मी बचलपाशी गेले आणि म्हटलं, "तोंड मिट मेल्या, माशी जाईल." त्यानं मिटलं नाही. पिढ्या संपल्या. शेवटची दुवा आली, मेलेल्या म्हातारीच्या तिरडीवर: "भोजराज, जुग जुग जी." कुणाला काही वाटलं नाही. तेवढ्यावर खांदेकऱ्यांनी तिरडी उचलली.

म्हातारा पुढे झाला, कानावर हात ठेवला. "भाट्यांची लेक..." त्यानं सूर लावला. घोगरा, फाटका, पण लागला होता. आणि तो डबा पुन्हा पहिल्या पुरुषापासून सुरू झाला. त्याला कुणी थांबायला सांगितलंच नव्हतं. म्हातारा जोर लावून ओरडत होता आणि त्याचाच आवाज त्याला दाबून टाकत होता. मी दोन हातांवर होते, मलासुद्धा माजीसाच्या बापाचं नाव ऐकू आलं नाही. म्हाताऱ्याला ठसका लागला. कराचीचा एक पाहुणा वळला, हा कोण मध्येच बडबडतोय म्हणून, आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाला, "शूऽऽ बाबा, ऐकू द्या ना."

तिरडी फाटकाबाहेर गेली, त्या फरशीवरून.

आम्हाला वाटलं होतं, एवढ्यावर संपेल. चार दिवसांनी बिरादरी बसली. तक्रार कुणाची? बचलच्या सासरच्यांची. म्हणे तलाक मोडला. मी बायकांत मागे बसले होते, मला वाटलं बचलची हजेरी घेणार. पण म्होरक्यानं बचलला विचारलं, "त्या घरी तुझा आवाज निघाला?"

"एक अक्षर नाही," बचल म्हणाला. "पन्नास माणसं साक्षीला आहेत."

"मग कुणाचा निघाला?"

सगळ्यांची तोंडं म्हाताऱ्याकडे वळली. "अरे, लाजा वाटू द्या!" मी मागून ओरडले. "तो डबा आहे, डबा! आणि ह्याचा तो ठसका कुणाला ऐकूसुद्धा आला नाही! साजनच्या बापा, सांगा ना, तो माझा आवाज नाही, यंत्र आहे म्हणून! एवढं म्हटलं की सुटाल!"

म्होरक्यालाही तेच हवं होतं, माणूस अगदीच दगड नव्हता. "निहाल, एवढंच सांग. त्या घरी वाजतो तो आवाज तुझा नाही ना?"

नुसतं "नाही" म्हणायचं होतं. एवढा एक शब्द, आणि हुक्का-पाणी राहिलं असतं, मयतीला खांदे राहिले असते, शेजारणीनं माझ्या हातची भाकरी खाल्ली असती.

"माझाच आहे," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाच्या बापाला लागेल का तसा?"

त्यांनी आम्हाला वाळीत टाकलं.